चार शिंगांचं हरीण आणि वार असलेला मासा

सातपाटीची_लेक

माझं माहेर सातपाटी, सासर परतवाडा. लहानपण बोंबील वाळत घालायच्या वलांडीखाली गेलं आणि लग्नानंतरची बावीस वर्षं मेळघाटाच्या पायथ्याशी. त्यामुळे हा धागा कदाचित माझ्यासारखीलाच सुचावा, पण विषय मनातून जात नाही म्हणून लिहिते.

जानेवारीत माहेरी गेले होते. आईने बंदरावरून मुशीचा, म्हणजे छोट्या शार्कचा, वाटा आणला, सोनमुशी, हातभर लांबीच्या चार. एकीचं पोट चिरलं तर आत पिल्लं. पूर्वीही पाहिली होती, पण या वेळी चष्मा लावून नीट पाहिलं. बोटाएवढी पिल्लं, कातडी अजून पातळ, डोळे मोठे काळे. प्रत्येकाच्या दोन पुढच्या परांच्या मधून एक नाळ निघालेली आणि त्या नाळेला केसांसारखे बारीक तंतू. नाळेचं दुसरं टोक आईच्या आतल्या अस्तराला घट्ट चिकटलेलं. ओढलं तर सहज सुटेना. मी अकरा मोजली. आई म्हणाली, "गाभण होती गं," आणि विळी धुवायला उठली.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही धारणीकडे निघालो होतो. सेमाडोहच्या अलीकडे एका कोरड्या नाल्यापाशी गाडी थांबवली. उंच वाळल्या गवतात एक मादी उभी होती, कुत्र्याहून थोडी मोठी, भुऱ्या रंगाची, पुढच्या पायांवरून काळपट पट्टा उतरलेला. नवरा म्हणाला भेडकी. मग तिच्या पायाशी गवत हललं आणि एक पिल्लू उठलं. जेमतेम मांजराएवढं. ती चौशिंग्याची मादी होती, हे पुढे फोटो दाखवल्यावर वनरक्षकांनी सांगितलं.

तेव्हापासून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी आहेत. एक हरीण, एक मासा. दोघी आपापल्या गोतावळ्यात लहान, दोघी लपून राहणाऱ्या, दोघी पिल्लू पोटात नाळेने वाढवणाऱ्या. तरी एकीच्या पिल्लासमोर आम्ही श्वास रोखून उभे राहिलो आणि दुसरीची पिल्लं काटाकुट्यासकट मांजरीपुढे गेली. जाणकारांनी या दोघींबद्दल लिहावं. मासा असून नाळ कशी, हे तर मला खरंच समजून घ्यायचंय.

---

तिरफळ

ताई, फार जवळचं लिहिलंत. आमच्या मालवणकडे हिला मोरी म्हणतात. मोरीचं मटण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हमखास. कातडी उकळत्या पाण्याने खरवडून काढावी लागते, एका बाजूने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर पॉलिश पेपर. उग्र वास असतो, म्हणून आधी हळद-मीठ लावून कोकमाच्या आगळात ठेवायची, वाटपात तिरफळ हवंच.

एक गोष्ट तुमच्या नाळेवरून आठवली. आमच्याकडे बाळंतिणीला मोरी देतात, दूध येतं म्हणून. माझ्या दोन्ही बाळंतपणांत सासूबाईंनी पातळ कालवण करून घातलं. पोटात पिल्लं वाढवणारा मासा म्हणून ही समजूत आली असेल का, हे मी आज पहिल्यांदाच मनाशी म्हटलं.

---

कोरडा_नाला

ताई, भेडकी आणि चौशिंगा यांत आमच्या विदर्भात जुनेजाणतेही चुकतात. मी बारा वर्षं जंगलात वाटाड्या म्हणून फिरतोय, त्यामुळे थोडं सविस्तर.

भेडकी म्हणजे भेकर, ते सारंग कुळातलं. त्याची शिंगं भरीव असतात, गळतात आणि पुन्हा येतात. चौशिंगा कुरंग कुळातला, म्हणजे नीलगाय, काळवीट यांच्या बाजूचा. शिंगं पोकळ, आतल्या हाडावर बसलेली, एकदा आली की मरेपर्यंत. नीलगाय ही त्याची सगळ्यात जवळची नातेवाईक, उंचीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. चौशिंगा खांद्याशी ५५ ते ६४ सेंटिमीटर, वजन १७ ते २२ किलो. पोतंभर धान्यही त्याच्याहून जड.

चार शिंगं फक्त नराला. मागची जोडी आधी येते, पिल्लू काही महिन्यांचं असताना. डोळ्यांवरची पुढची जोडी सव्वा वर्षाच्या आत-बाहेर. मागची ८ ते १० सेंटिमीटर, पुढची २ ते ५. काही नरांत पुढची नुसती गाठ असते, कातडीखाली दबलेली. गाय-कुरंगांच्या कुळातल्या रानटी प्राण्यांत चार शिंगं असलेला जगात हा एकच प्राणी, आणि तो भारत आणि नेपाळ सोडून कुठेच नाही. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा, पेंच, नागझिरा, यावल, सगळीकडे आहे. तरी पर्यटकांची गाडी त्याच्यासाठी थांबत नाही. वाघ कुठे दिसला हे विचारत पुढे जाते.

मादीला शिंग नाही, म्हणून तुमच्या यजमानांना भेडकी वाटली. चालणं पाहा पुढच्या वेळी. चौशिंगा ठेचकाळल्यासारखा, झटके देत चालतो. भेकराच्या चेहऱ्यावर कपाळाकडे जाणाऱ्या दोन काळ्या रेघा असतात, याला नसतात.

---

सरळरेष

लेखन छान आहे, पण तुलनेचं प्रयोजन कळलं नाही. एक सस्तन प्राणी, एक कूर्चामीन, म्हणजे हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला मासा. दोघांचा शेवटचा सामाईक पूर्वज चाळीस कोटी वर्षांहून जुना असेल. नाळ आहे म्हणून दोघी सारख्या म्हणणं म्हणजे वटवाघळाला पंख आहेत म्हणून चिमणीशी नातं जोडणं. दोन्ही प्राण्यांबद्दल वेगवेगळे धागे जास्त उपयोगी होतील.

---

प्रयोगवही

मी ३४ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. सरळरेष यांचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याच कारणाने मला ही तुलना मोलाची वाटते. नातं नसताना दोन जीव एकाच उत्तरावर पोचले, तर ते उत्तर कसं घडलं हे विचारलंच पाहिजे.

पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक बी.एस्सी.वाल्याने ही मुशी हाताळली आहे. स्कोलिओडॉन. आमच्या कॉलेजात ससून डॉकवरून टोपली यायची. प्रयोगशाळेत दोन दिवस वास हटायचा नाही. मेंदूच्या नसा मोकळ्या करायच्या, कातडीचे काटेरी खवले सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. नाकाडावर बोटाने दाबलं की बारीक छिद्रांतून पारदर्शक जेलीचे थेंब वर यायचे. ती लॉरेंझिनीची कुपिकं, पाण्यातली विजेची सूक्ष्म हालचाल ओळखणारी. गढूळ खाडीत, जिथे डोळ्यांचा उपयोग नाही, तिथे चिखलात दडलेली कोळंबी ती याच्या बळावर शोधते. थिल्लयंपलम यांनी १९२८ साली या एका माशावर संपूर्ण पुस्तिका लिहिली होती, तीच आमची पोथी. २०११ पासून यूजीसीने विच्छेदन कमी करायला लावलं, ते योग्यच झालं. पण त्याबरोबर मुशीची ओळखही वर्गातून गेली.

आता नाळ. बहुतेक मासे अंडी घालतात. शार्कांमध्ये तीन-चार तऱ्हा आहेत. काही चामड्याच्या पिशवीत अंडी घालतात, काही अंडं पोटातच उबवतात आणि पिल्लू बलकावर वाढतं. काहींत बलक संपल्यावर त्याची रिकामी पिशवी गर्भाशयाच्या भिंतीला चिकटते आणि तिचीच वार, म्हणजे आईकडून पिल्लाला पोषण पोचवणारा भाग, होते. हातोडी-शार्कांतही असं होतं. पण सोनमुशी या वाटेवर सगळ्यांच्या पुढे गेली आहे. तिचं अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, ज्ञात शार्कांमध्ये सर्वांत लहान, आणि त्यात बलक जवळजवळ नाहीच. आई शिदोरीच देत नाही म्हणा ना. गर्भ तीनेक मिलिमीटरचा होताच भिंतीला जाऊन चिकटतो आणि तिथून पुढे सगळं पोषण आईच्या रक्तातून. सातपाटीची_लेक यांनी पाहिलेले नाळेवरचे केसांसारखे तंतू त्या रचनेचाच भाग, त्यांनी पोषणाचा पृष्ठभाग वाढतो.

गोठ्यात वाढलेल्यांना "वार पडली का" हा प्रश्न माहीत असेल. गायीची वार गर्भाशयाला ठिकठिकाणी बटणं लावल्यासारखी जोडलेली असते, चौशिंगा त्याच रवंथ करणाऱ्या कुळातला. तिथे वार गर्भाच्या आवरणांपासून बनते. मुशीत ती बलकाच्या पिशवीपासून बनते. कापड वेगळं, शिवण वेगळी, झबलं मात्र एकाच मापाचं.

मुंबईच्या मत्स्यसंशोधनाचा इथे अभिमान वाटावा. सेटना आणि सारंगधर यांनी १९४८ साली या मुशीची वाढ आणि प्रजनन यांवर सविस्तर निबंध लिहिला.

आणि एक. चौशिंग्याचं शास्त्रीय नाव टेट्रासेरस क्वाड्रिकॉर्निस. पहिला शब्द ग्रीक, दुसरा लॅटिन, दोन्हींचा अर्थ चार शिंगांचा. नावातच दोनदा सांगितलंय, तरी लोक दोनच मोजतात.

---

सातपाटीची_लेक

मॅडम, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. "शिदोरी" वर थांबले. म्हणजे आमच्या आईने चिरलेली ती मुशी दर क्षणी अकरा पिल्लांना स्वतःच्या रक्तातून भरवत होती.

किती महिने पोटात असतात? आणि चौशिंग्याचं पिल्लू किती?

---

प्रयोगवही

मुशीचे पाच-सहा महिने. एका खेपेला साधारण ६ ते १८ पिल्लं, जन्मताना १२ ते १५ सेंटिमीटर. मादी स्वतः ३५ सेंटिमीटरच्या आसपास वयात येते, म्हणजे आईच्या तिसऱ्या हिश्शाहून लांब पिल्लू, आणि अशी दहा-बारा एका पोटात. ठरावीक हंगाम नाही, वर्षभर गाभण माद्या सापडतात.

चौशिंग्याचे जवळपास आठ महिने, पिल्लू एक किंवा दोन. जन्मताना वजन किलोच्या आत-बाहेर. मुशीचं पिल्लू जन्मल्या क्षणापासून स्वतंत्र, दात तयार, आई वळूनही पाहत नाही. चौशिंग्याचं पिल्लू पहिले काही आठवडे गवतात निपचित पडून राहतं आणि पुढे वर्षभर आईबरोबर असतं.

---

खाडीकाठ

वर्सोवा. आमची डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, आहे, आजोबांपासून.

मुशी आमच्याकडे मुद्दाम कोणी धरायला जात नाही. ती बोंबील, मांदेली, जवळा यांच्या मागे येते आणि डोलीत बसते. डोल भरतीच्या ओढीला तोंड करून लावलेली असते, ओढीबरोबर जे येईल ते आत. पोट फाडलं तर मांदेलीच असते जास्त. बारक्या पिल्लांची टोपली वेगळी निघते, ती घाऊक भावात जाते. पिल्लं पाण्यात सोडायची म्हटली तरी डोल ओढेपर्यंत अर्धी मेलेली असतात.

लोक वाचतील आणि म्हणतील, बघा कोळी गाभण मासा मारतात. तसं म्हणू नका. जून-जुलै आम्ही होड्या वर घेतो, कर्जाचे हप्ते चालू असतात तरी घेतो. खाडीत कारखान्यांचं पाणी येतं तेव्हा मुशीची गाभण मादी कोणाला आठवत नाही. माझ्या वडलांनी हात लांब करून दाखवलेल्या मोठ्या मुशी मी पाहिलेल्याच नाहीत. ही बारकी अजून मिळते, कारण बारकी लवकर मोठी होते, एवढंच मला कळतं.

ताईंच्या आईने "गाभण होती गं" म्हटलं ना, ते माझी आई पण म्हणते. म्हणताना आवाज बदलतो तिचा. आपल्याला वाटतं त्यांना काही वाटत नाही, वाटतं.

---

सातपाटीची_लेक

दादा, माझे वडील आणि भाऊ दोघं होडीवर होते. कोळ्यांना दोष द्यायचा विचार स्वप्नातही नाही. मांजरीपुढे गेली असं लिहिलं ते आमच्याच घरातलं होतं, म्हणून लिहिलं. आवाज बदलतो हे मात्र अगदी खरं. मी तो ऐकला होता आणि लिहायचा राहिला. तुम्ही लिहिलात, बरं झालं.

---

तिरफळ

दादा, मोठ्या मुशींचं आमच्याकडेही तेच. सासरे सांगतात, पूर्वी एक मोरी दोघे खांद्यावर घेऊन यायचे.

---

नियमावली

कायद्याच्या बाजूने थोडं. चौशिंगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, म्हणजे १९७२ च्या कायद्याच्या, अनुसूची एकमध्ये आहे, वाघाच्याच पंगतीत. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत तो "असुरक्षित" गटात.

शार्कांकडे कायद्याचं लक्ष उशिरा गेलं. २००१ साली आधी देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, जिला गुजरातेत बॅरल म्हणतात, अनुसूची एकमध्ये आली. त्याच वर्षी आणखी काही शार्क आणि पाकट आले. २०१३ मध्ये पर कापून धड समुद्रात फेकायला बंदी, २०१५ मध्ये परांच्या निर्यातीला बंदी. सोनमुशी अनुसूची एकमध्ये नाही, लाल यादीत ती "संकटसमीप" आहे. २०२२ साली पनामात झालेल्या साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिषदेने रेक्वीम शार्कांचं अख्खं कुळ परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत, घेतलं. सोनमुशी त्याच कुळातली. पण तो नियम देशांमधल्या व्यापाराला. वर्सोव्याच्या टोपलीला किंवा मालवणच्या कालवणाला त्याने काही फरक पडत नाही.

कायदा दोघांना वेगळं वागवतो याला कारणही आहे. चौशिंगा एक-दोन पिल्लं देतो आणि कोरड्या पानगळी जंगलाचा पाण्याजवळचा तुकडा गेला की त्याचं सगळंच जातं. मुशी दीड-दोन वर्षांत वयात येते, बरीच पिल्लं देते. पण ती तग धरते म्हणून तिच्याकडे पाहायचंच नाही, हे मला पटत नाही.

---

सरळरेष

माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता. प्रयोगवही मॅडमनी जे सांगितलं ते तुलनेशिवाय माझ्यापर्यंत आलं नसतं, हे मान्य. वटवाघूळ आणि चिमणीचं माझं उदाहरण मीच पुढे नेतो. उडणं दोनदा घडलं म्हणूनच आपण पंख म्हणजे काय हे विचारतो. वार दोनदा घडली, किंबहुना दोनाहून जास्त वेळा.

एक शंका आहे. आई सगळं रक्तातून देते, तर उपासमारीच्या काळात काय? बलक असलेल्या अंड्याची शिदोरी आधीच बांधलेली असते. इथे आईला मिळालं नाही तर सगळीच उपाशी.

---

प्रयोगवही

नेमका मुद्दा. या पद्धतीत आई एकदम मोठी गुंतवणूक करत नाही, हळूहळू करते. अंडं स्वस्त, पुढचं संगोपन महाग. जिथे अन्न बारमाही मिळतं तिथे हे परवडतं. आपल्या किनाऱ्याच्या उथळ, गढूळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी जवळा-मांदेली वर्षभर असते, त्यामुळे हिला हंगाम पाळावा लागत नसावा, असा माझा अंदाज.

चौशिंगा याच्या उलट टोकाला. त्याचं जंगल वर्षातून आठ महिने कोरडं. पावसाच्या सुमारास मीलन, हिवाळ्याकडे पिल्लं. त्याला कॅलेंडर पाळावंच लागतं.

---

कोरडा_नाला

कोरड्यावरून सांगतो. मागल्या एका बुद्धपौर्णिमेला मी प्राणिगणनेसाठी मचाणावर होतो. संध्याकाळी सहाला चढलो, सकाळपर्यंत उतरायचं नाही. सगळे रात्रीच्या चांदण्याची वाट बघत होते. चौशिंगा आला उजेड असताना, सव्वासहाला. एकटा नर.

पाणवठा आमच्यापासून चाळीस पावलं. तो आधी पंधरा मिनिटं बेहड्याच्या खोडाआड उभा. कान हलले म्हणून दिसला. मग झटके देत दहा पावलं आला, थांबला, पुढचा एक पाय उचललेलाच ठेवला. गुडघ्यावर बसतो की काय असं वाटलं, पण नुसती मान खाली घातली. पाणी पिताना मागची शिंगं सरळ आमच्याकडे आणि पुढची दोन डोळ्यांवर, बोराच्या बीएवढी. दुर्बिणीशिवाय दिसली नसती. पाणी पिऊन परत जाताना तो वाटेच्या कडेला एका ठरलेल्या जागी थांबला आणि लेंड्या टाकल्या. सकाळी उतरून पाहिलं तर तिथे वितभर उंच ढीग होता, खालच्या लेंड्या पांढऱ्या पडलेल्या, वरच्या ओल्या काळ्या. त्या एका ढिगात किती महिने होते कोणास ठाऊक. हीच त्याची पाटी. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या ग्रंथीचा रसही तो काटक्यांना पुसून ठेवतो. जंगलात त्याला शोधायचं तर हे ढीग शोधावेत, शिंगं नव्हे.

गणनेच्या कागदावर मी "चौशिंगा, नर, १" लिहिलं. शेजारच्या मचाणावरच्या पाहुण्याने सकाळी विचारलं, काही दिसलं का? मी म्हटलं, चौशिंगा. तो म्हणाला, म्हणजे काहीच नाही ना.

---

खाडीकाठ

हे वाचून वाईट वाटलं दादा. आमच्याकडे पण असंच. पापलेट किती, रावस किती, एवढंच विचारतात. मुशी "बाकी"त जाते.

मी एक करणार आहे. मुशी चिरताना पोटात पिल्लं निघाली की किती ते वहीत लिहायचं, आईची लांबी, तारीख. बायको म्हणाली ती मोजेल, तिचाच हात असतो त्यावर. मॅडम, याचा कोणाला उपयोग आहे का?

---

प्रयोगवही

फार उपयोग आहे. जागा लिहा आणि डोल की दुसरं जाळं तेही. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी, शेपूट सरळ करून. पिल्लं डाव्या-उजव्या गर्भाशयात वेगळी मोजता आली तर उत्तम. जवळच्या मत्स्यविज्ञान संस्थेतल्या लोकांना दाखवा, ते आनंदाने पाहतील. माझे विद्यार्थी अशा नोंदींसाठी बंदरावर तासन् तास उभे राहायचे, तुमच्याकडे त्या रोज घरात येतात.

---

सातपाटीची_लेक

काल रात्री आईला फोन करून हा सगळा धागा वाचून दाखवला. चौशिंग्याचं वर्णन तिने दोनदा वाचायला लावलं, तिने जंगल पाहिलेलंच नाही. मेमध्ये तिला परतवाड्याला आणायचं ठरलंय. कोरडा_नाला दादा, त्या दिवसांत सकाळी कुठे न्यावं ते सांगा, तिला फार चालवत नाही.

मुशीचं सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, नाळ असते हे तिला माहीत होतं, तिच्या आजीने दाखवली होती. पिल्लं जिवंत निघाली तर आजी ती पाण्याच्या पातेल्यात सोडून भरतीला बंदरावर नेऊन टाकायची. जगायची का, मी विचारलं. आई म्हणाली, पोहायची तर खरी.

---

कोरडा_नाला

ताई, मावशींना जरूर आणा. मेमध्ये सकाळी साडेपाचला निघावं. चालायची गरजच नाही, पाणवठ्याकडे तोंड करून गाडी सावलीत लावायची, इंजिन बंद, काचा खाली. बोलायचं नाही आणि हात बाहेर काढायचा नाही. तासभर थांबायची तयारी ठेवा. घोगरा "फ्रंक" असा आवाज आला तर समजायचं, त्याने आपल्याला आधी पाहिलंय.